न उच्चारलेल्या अक्षरांची लाज कुणी बाळगायची?

प्रश्न

पत्र लिहिणाऱ्या ताई हिशेब विभागात अधिकारी आहेत. शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजी त्या वाचून वाचून शिकल्या आणि आजही भरपूर वाचतात. एका बैठकीत अहवाल मोठ्यानं वाचताना कर्ज या अर्थाच्या 'डेट'चा (डी-ई-बी-टी) उच्चार त्यांनी 'डेब्ट' असा केला, 'रिसीट'ला 'रिसिप्ट' म्हटलं आणि 'सटल'ला 'सबटल'. एक तरुण सहकारी हसला, दोघं-तिघं त्याला सामील झाले. "माझं अज्ञान चारचौघांत उघडं पडलं," असं त्या लिहितात. तेव्हापासून वाचायचं काम त्या दुसऱ्यावर ढकलतात आणि बोलताना शंका आली की तो शब्दच टाळतात. घरी त्यांनी एक वही केली आहे. के सायलेंट, बी सायलेंट, जी सायलेंट अशी पानं पाडून त्यात शब्द लिहितात आणि रात्री घोकतात. सहावीतला मुलगा विचारतो, "आई, 'नाइफ'मधला के बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?" त्यावर त्या "असंच असतं, पाठ कर" म्हणतात आणि मग स्वतःवरच चिडतात. त्यांचे प्रश्न असे: ही वही पुरी पाठ झाली तर भागेल का? की मराठीतून शिकलेल्या माणसाला ही अक्षरं कधी जमतच नाहीत? आणि "फोन स्पेलिंग दुरुस्त करून देतो, मग शिकायचं कशाला?" या मुलाच्या म्हणण्यावर काय सांगायचं?

उत्तर

ताई,

वहीकडे येऊच, पण आधी त्या बैठकीत नेमकं काय झालं ते पाहू. कागदावर बी होता, तुम्ही तो वाचला. कागदावर पी होता, तोही वाचला. हे शब्द तुम्हाला डोळ्यांनी भेटले होते, कानांनी नाही. तुमच्या सहकाऱ्याला ते आधी कानांनी भेटले असणार, एवढाच काय तो फरक. उलट, जो शब्द कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही तो अर्थासकट माहीत असणं, अहवालात योग्य जागी कळणं, याचा अर्थ त्या माणसानं पुष्कळ वाचलं आहे असा होतो. याला अज्ञान म्हणायला मी तयार नाही. उच्चार चुकला हे खरं, तो दुरुस्त करायला हवा हेही खरं. पण त्या चुकीवरून तुम्ही स्वतःबद्दल जो निष्कर्ष काढला आहे, तो मात्र पार चुकला आहे.

आता तुमच्या त्या तीन शब्दांची कुंडली बघा. डेट, रिसीट आणि सटल हे तिन्ही शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आले, आणि आले तेव्हा त्यांच्यात ही अक्षरं बोलली जात नव्हती. कर्जाचा शब्द तेव्हा 'डेट्टे'सारखा होता, डी-ई-टी-टी-ई. त्यात बी कुठेच नव्हता. पुढे लॅटिनचा दबदबा वाढला. पंडितांना वाटलं, मूळ लॅटिन शब्द 'डेबिटुम', मग त्याची खूण लिखाणात दिसायला नको का? त्यांनी बी घुसवला. 'डाउट'मधला बी असाच 'दुबितारे'वरून आला, 'सटल'मधला 'सुब्तिलिस'वरून, आणि 'रिसीट'मधला पी 'रेसेप्ता'वरून. (फ्रान्समध्येही ही हौस होती. त्यांनी नंतर आपला बी काढून टाकला, इंग्रजांनी ठेवला.) गंमत म्हणजे 'रिसीट'चे सख्खे भाऊ 'डिसीट' आणि 'कन्सीट' यांच्यात मात्र पी टिकला नाही. का? काही ठोस कारण नाही.

म्हणजे लोकांनी बी बोलायचा सोडून दिला असं इथे झालंच नाही. लोक तो कधी बोलतच नव्हते. लिहिणाऱ्यांनी तो लिहिला, आणि मग वाचणाऱ्यांनी तो वाचावा की नाही असा घोळ सुरू झाला. शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या 1598 साली छापलेल्या नाटकात एक घमेंडखोर शाळामास्तर आहे. लोक 'डेट' म्हणतात, बी उच्चारत नाहीत, म्हणून तो त्यांच्यावर करवादतो: डी-ई-बी-टी असं आहे, डी-ई-टी नव्हे! प्रेक्षक तेव्हाही हसत असणार. पण बघा, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या लोकांत, या एका बी-वरून वाद घालणं ही रंगमंचावर आणण्याइतकी ओळखीची गोष्ट होती. मराठीतून शिकण्याशी तिचा काय संबंध?

आणि तो मास्तर सगळीकडे हरला असंही नाही. 'फॉल्ट' हा शब्द आला तेव्हा त्यात एल नव्हता. पंडितांनी तो लॅटिनसाठी घातला, लोक तो वाचत गेले, आणि आज एल न उच्चारणारा चुकीचा ठरतो. 'परफेक्ट'मधला सी आणि 'ॲडव्हेंचर'मधला डी यांचंही तसंच. 'ऑफन'मधला टी बोलणं बंद झालं होतं. पुढे शिकून वाचणारे वाढले आणि तो पुष्कळांच्या तोंडी परत आला. आता शब्दकोशात 'ऑफन' आणि 'ऑफ्टन' असे दोन्ही उच्चार सापडतात. तुम्ही 'डेब्ट' म्हटलंत तेव्हा वेगळं काहीच केलं नव्हतं. लिहिलेलं अक्षर वाचलंत. काही शब्दांत असं वाचणाऱ्यांची सरशी झाली, या शब्दात झाली नाही.

म्हणूनच मला तुमच्या वहीची मांडणी खटकते. के-चं पान, बी-चं पान असं केलं की वाटतं, एका पानावरचे सगळे शब्द एकाच कारणानं तिथे आले असतील, आणि त्यामागचा नियम आपल्यालाच तेवढा माहीत नाही. तसा नियम नाही. बी-च्याच पानावर बघा. 'लॅम'मधला बी (कोकरू, एल-ए-एम-बी) पूर्वी खरोखर बोलला जायचा, मग गळाला. 'डेट'मधला पंडितांनी घातला. आणि 'थम'मधला (अंगठा) नुसताच मागाहून चिकटला, जुन्या शब्दात तो नव्हताच. तिघांचे इतिहास तीन तऱ्हेचे.

काही ठिकाणी तर निव्वळ चूक आहे. 'आयलंड' हा शब्द मूळचा जर्मॅनिक घराण्यातला, त्यात एस नव्हता. लॅटिनमधून आलेल्या 'आइल'शी (आय-एस-एल-ई, म्हणजेही बेटच) त्याचं नातं आहे असा गैरसमज झाला आणि एस आला. 'कुड'मधला एल 'वुड' आणि 'शुड' यांच्या पंगतीला बसल्यामुळे आला. त्या दोघांचा एल खानदानी आहे, कारण ते 'विल' आणि 'शॅल'पासून आलेले. 'कुड' मात्र 'कॅन'चं रूप, त्याच्यात एल येणार कुठून? 'डिलाइट'मधला जीएच 'लाइट'कडे बघून घेतलेला. इंग्रजी स्पेलिंग म्हणजे फार विचारपूर्वक बांधलेली व्यवस्था आहे आणि आपणच तिच्यात कमी पडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे शब्द अधूनमधून आठवावेत.

तुमच्या मुलाचा के मात्र प्रामाणिक आहे. जुन्या इंग्रजीत लोक 'क्नीफ' असंच म्हणत, के आणि एन दोन्ही स्पष्ट. गुडघ्याच्या 'नी'मध्येही के वाजायचा, आणि जर्मन माणूस आजही 'क्नी' असंच म्हणतो. सरदार या अर्थाचा 'नाइट' एकेकाळी 'क्निख्त'सारखा ऐकू यायचा. ज्या जीएचला आपण वैतागतो तो या 'ख'सारख्या घशातल्या आवाजासाठी होता. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हा हे आवाज पुष्कळांच्या तोंडी जिवंत होते. छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू ठरून गेली, पण बोली काही थांबली नाही. 'ख' गेला, 17व्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'क्न'मधला 'क' गेला. दीर्घ स्वर तर 1400 ते 1700 च्या दरम्यान सगळेच्या सगळे सरकले. 'नेम' हा शब्द आधी 'नामअ'सारखा बोलत, म्हणजे आपल्या 'नाम'चा तो दूरचा भाऊबंद तेव्हा चांगला ओळखू यायचा. भाडेकरू बदलले, दारावरची पाटी जुनीच राहिली. 1755 मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश आला तोवर पाटी बदलायची कुणाची इच्छाही उरली नव्हती.

तर मुलाला "असंच असतं" म्हणू नका. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. सांगा, की पूर्वी बोलायचे, मग बोलायचं सोडलं, लिहायचं राहिलं. वाटलं तर हेही सांगा, की फ्रेंचमध्ये खिशातल्या लहान चाकूला 'कानिफ' म्हणतात. तो याच घराण्यातला शब्द आहे, आणि तिथे 'क' अजून ऐकू येतो. सहावीतल्या मुलाला हे आवडतं. शब्दांच्या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत, आणि गोष्टीबरोबर अक्षरही राहतं.

त्याला एक पुरावा घरातलाही दाखवता येईल. जुनं मराठी पुस्तक असेल तर उघडा. त्यात 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'नाहीं' असं छापलेलं दिसेल. ते अनुस्वार कुणी उच्चारत नव्हतं. 'पांच'वरचा 'पञ्च'ची आठवण म्हणून होता, 'नांव'वरचा 'नामन्'ची. हीच आपली सायलेंट अक्षरं. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मान्य झाले आणि व्युत्पत्तीसाठी दिले जाणारे हे अनुच्चारित अनुस्वार गेले. (काही जुन्या मंडळींना ते शेवटपर्यंत रुचलं नाही.) आणि आजही 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च आपण वेगवेगळा बोलतो, लिहितो मात्र सारखाच. हे आपल्याला कुणी वहीत लिहून पाठ करायला लावलं नाही, ऐकून आलं. इंग्रजीबाबतही कानाला तेवढी संधी द्यायला हवी.

मग इंग्रजांनी आपल्यासारखी साफसफाई का केली नाही, असं तो विचारेलच. प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेबस्टरच्या 1828 च्या शब्दकोशानं 'कलर'मधला यू काढला आणि 'सेंटर'ची शेपटी सरळ केली. ते टिकलं. जीभ या अर्थाचा 'टंग' त्यानं टी-यू-एन-जी असा सुचवला, तो कुणी घेतला नाही. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 300 शब्दांची सोपी स्पेलिंगं सरकारी छापखान्याला वापरायला सांगितली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, संसदेनं विरोध केला, आदेश मागे घ्यावा लागला. इंग्रजीला महामंडळ नाही, हे एक. आणि उच्चाराप्रमाणे लिहायचं तर कुणाच्या उच्चाराप्रमाणे? 'कार'मधला आर अमेरिकन माणूस वाजवतो, लंडनचा बहुधा वाजवत नाही. दोघांना एकच पुस्तक वाचता येतं ते या आडमुठ्या स्पेलिंगमुळेच.

वहीबद्दल माझं म्हणणं असं: फेकू नका, फिरवून मांडा. मुकं अक्षर शब्दाच्या नातेवाइकात बोलतं का ते शोधा. 'साइन'मधला जी मुका, 'सिग्नेचर'मध्ये बोलतो. 'रिझाइन'मध्ये मुका, 'रेझिग्नेशन'मध्ये बोलतो. 'कंडेम'चा एन 'कंडेम्नेशन'मध्ये, 'ऑटम'चा एन 'ऑटम्नल'मध्ये, 'मसल'मधला सी 'मस्क्युलर'मध्ये सापडतो. दोन या अर्थाच्या 'टू'मधला डब्ल्यू 'ट्वाइस', 'ट्वेंटी' आणि 'ट्विन'मध्ये खणखणीत वाजतो. जाणण्याच्या 'नो'मधला के 'ॲक्नॉलेज'मध्ये ऐकू येतो. आणि तुमच्या 'डेट'चा बी? तुमच्या विभागात दिवसभर तोंडात असतो: 'डेबिट'. 'रिसीट'चा पी 'रिसेप्शन'मध्ये. अशा जोड्या लिहिल्यात तर स्पेलिंग आणि अर्थ दोन्ही एका दमात बसतील. शब्दाच्या शेवटचा मुका ई या सगळ्यांत वेगळा, तो कामाचा गडी आहे. 'हॅट'ला 'हेट' आणि 'बिट'ला 'बाइट' तोच करतो, आणि हे बहुतेक वेळा लागू पडतं. ('हॅव' आणि 'गिव्ह' पडत नाहीत. असू दे.)

जिथे नातेवाईक सापडत नाही, तिथे सरळ घोका. 'कर्नल' या शब्दाचं स्पेलिंग एलवालं आणि उच्चार आरवाला आहे, कारण शब्दाची दोन रूपं इंग्रजीत आली. लिखाणात एक टिकलं, बोलण्यात दुसरं. त्यात तर्क शोधत बसू नये. इंग्रजी बोलणारी मुलंही बुधवारचं स्पेलिंग लिहिताना मनात 'वेड-नेस-डे' म्हणतात. तुम्हीही म्हणा, फक्त तो लिहिण्यापुरता उच्चार आहे हे लक्षात ठेवा. आणि आपण मंद आहोत असं वाटलं तर हेही लक्षात असू द्या: 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, 13 युरोपीय भाषांमधल्या मुलांच्या वाचनाची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांची वाचनाची सुरुवात, स्पेलिंग सरळ असलेल्या भाषांच्या मानानं, दुपटीहून संथ आढळली होती. तीही इंग्रजी ज्यांच्या घरची, अशा मुलांची.

वहीत उच्चार देवनागरीत लिहिता का? लिहा, सोय आहे, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. 'डेट' असं लिहिलंत की ते कर्ज की तारीख? देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, इंग्रजीत दोन्ही स्वर वेगळे आहेत. शिवाय जोर शब्दाच्या कुठल्या भागावर द्यायचा ते देवनागरीत उतरत नाही. माझ्या मते ऐकणाऱ्याला अडखळवण्यात एखाद्या जास्तीच्या बी-पेक्षा या जोराचा वाटा मोठा असतो. 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या भागावर, 'फोटोग्राफी'चा दुसऱ्यावर. तेव्हा शब्दकोशाच्या संकेतस्थळावर शब्दाशेजारी स्पीकरची खूण असते ती दाबा, दोन-तीनदा ऐका, मागोमाग मोठ्यानं म्हणा. अहवाल वाचायचा असेल तर आदल्या दिवशी त्यातले फक्त शंकेचे शब्द एवढ्यासाठी काढा. पुष्कळ निघणार नाहीत. गावांची आणि माणसांची नावं असतील तर थेट विचारा. लेस्टर, वुस्टर, ग्रिनिच ही नावं स्पेलिंगवरून इंग्रजांनाही नव्यानं ओळखता येत नाहीत, तिथे विचारण्यात कमीपणा कसला?

आणि वाचायचं काम परत घ्या. शब्द टाळण्याची सवय मला त्या हसण्यापेक्षा जास्त नुकसानीची वाटते, कारण टाळलेला शब्द दुरुस्त व्हायची वेळच येत नाही. पुन्हा कुणी टोकलं तर "हो का? हा शब्द वाचलाच होता, ऐकला नव्हता" असं सहज म्हणा, दुरुस्त केलेला उच्चार एकदा मोठ्यानं म्हणा आणि पुढचं वाक्य वाचा. तो सहकारी पुन्हा हसला तर बैठकीनंतर एकट्याला गाठून शांतपणे सांगायला हरकत नाही, की चूक सांगत जा, हसत जाऊ नकोस. त्याला बी-चा इतिहास ऐकवायचा मोह होईल. ऐकवायचा की नाही ते त्या दिवशीच्या तुमच्या मूडवर सोडते झालं.

राहिला फोन. मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अस्तित्वातच नसलेलं स्पेलिंग फोन पकडतो. पण इंग्रजीत सारख्या आवाजाच्या जोड्या भरपूर आहेत: 'नाइट' म्हणजे रात्र आणि सरदार, 'राइट' म्हणजे बरोबर आणि लिहिणं, 'होल' म्हणजे भोक आणि अख्खं, 'नो' म्हणजे नाही आणि जाणणं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी टाकला तर दोन्ही शब्द खरे असल्यामुळे फोन पुष्कळदा गप्प बसतो. त्या जोड्यांत फरक दाखवायचं काम बहुतेक वेळा त्या मुक्या के-कडे, डब्ल्यू-कडे आणि जीएच-कडेच असतं. वाद घालू नका. 'मला सगळं लिहायचं आहे' या अर्थाचं इंग्रजी वाक्य त्याला मुद्दाम जोडीतला चुकीचा शब्द घालून टाइप करायला सांगा, एकदा 'होल' बदलून, एकदा 'राइट' बदलून, आणि फोन किती वेळा पकडतो ते त्याचं त्यालाच मोजू द्या.